अंगावर घेणं, चाळून बघणं आणि नुसतं 'ट्राय' करणं

इंग्रजी शब्दांच्या या सदराकडे या वेळी आलेल्या पत्रांत एकाच कुळातले प्रश्न बरेच निघाले. काम हाती घेणं, सुरू करणं, करून बघणं यासाठी इंग्रजीत एवढी क्रियापदं कशाला, ती आली कुठून आणि त्यांच्यात खरंच काही फरक आहे का? त्यातले काही प्रश्न निवडले आहेत. नमनाला घडाभर तेल न घालता सुरुवात करते.

प्रश्न : 'अंडरटेक' म्हणजे काम स्वीकारणं. मग 'अंडरटेकर' म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणारा कसा? 'अंडर' म्हणजे जमिनीखाली आणि 'टेक' म्हणजे नेणं, म्हणून अंडरटेकर, असं मला एकाने ठासून सांगितलं. खरं आहे का?

ऐकायला झकास आहे, पण खरं नाही. अंडरटेकरचा जमिनीशी संबंध आला तो शेवटी, आणि तोही अपघाताने. त्याआधी निदान तीन शतकं या शब्दाने बरेच धंदे करून पाहिले होते.

'अंडरटेक' इंग्रजीत दिसू लागतं 1200च्या सुमारास. अगदी सुरुवातीच्या वापरात 'गाफील गाठून पकडणं' अशीही त्याची एक छटा आहे. पण लवकरच 'अंगावर घेणं, जबाबदारी पत्करणं' हा अर्थ पक्का झाला. इंग्रज कवी चौसरच्या 'कँटरबरी टेल्स'च्या प्रस्तावनेत, म्हणजे चौदाव्या शतकाच्या शेवटी, हे क्रियापद दोन अगदी वेगळ्या कामांना जुंपलेलं सापडतं. तिथला खलाशी धाडसी आहे आणि काम अंगावर घेण्यात शहाणा आहे, असं चौसर सांगतो. हा अर्थ आपल्या ओळखीचा. पण त्याच प्रस्तावनेत ऑक्सफर्डच्या गरीब विद्यार्थ्याचं वर्णन करताना तो म्हणतो की हा गडी काही फारसा लठ्ठ नव्हता, 'आय अंडरटेक'. इथे कोणी कुठलं काम घेतलेलं नाही. 'मी हमी देतो', 'माझा शब्द' एवढाच त्याचा अर्थ आहे. हमीची ही बाजू लक्षात ठेवा, कराराच्या प्रश्नात ती पुन्हा लागणार आहे.

आता अंडरटेकर. जो काम अंगावर घेतो तो अंडरटेकर, इतका साधा शब्द. सोळाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या राजसत्तेने आयर्लंडमधल्या मन्स्टर प्रांतात जप्त केलेल्या जमिनी इंग्रज मंडळींना वाटल्या. अट अशी की त्यांनी तिथे इंग्लंडहून कुळं आणून वसवायची. ही अट मान्य करून जमीन घेणाऱ्यांचं अधिकृत नाव होतं अंडरटेकर. सर वॉल्टर रॅले आणि कवी एडमंड स्पेन्सर हे दोघंही असे अंडरटेकर होते. 1609-10मध्ये अल्स्टर प्रांतात हाच प्रयोग आणखी काटेकोरपणे झाला. अंडरटेकरला 1000, 1500 किंवा 2000 एकर जमीन मिळायची आणि दर 1000 एकरांमागे 24 प्रौढ पुरुष इंग्लंड-स्कॉटलंडमधून आणून वसवणं त्याच्यावर बंधनकारक होतं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या आयरिश लोकांच्या तोंडी हा शब्द कसा येत असेल याची कल्पना करता येते. स्मशानाशी नातं जुळायच्या कितीतरी आधीच तो अशुभ झाला होता, असं मी म्हणेन.

लंडनमध्येही या शब्दाची अब्रू तेव्हा फारशी बरी नव्हती. 1614च्या संसदेत काही मंडळींवर आरोप झाला की 'सभागृह मुठीत ठेवून पैसे मंजूर करून देतो' असा शब्द यांनी राजा पहिल्या जेम्सला दिला आहे. त्यांनाही अंडरटेकर म्हणत. संशयाने वातावरण इतकं नासलं की ती संसद दोनेक महिन्यांत, एकही कायदा न करता, बरखास्त झाली.

मग सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये नवा व्यवसाय उभा राहिला. पेटी, काळी वस्त्रं, घोडागाडी, मिरवणुकीची माणसं असं सगळं एका हाती पुरवणारा माणूस. तो 'फ्यूनरल अंडरटेकर', म्हणजे अंत्ययात्रेचं काम अंगावर घेणारा. मृत्यूचं नाव टाळायची ओढ माणसाला असतेच, तेव्हा 'फ्यूनरल' गळालं आणि उरलं नुसतं अंडरटेकर. मोघम शब्द म्हणून तो सोयीचा होता, आणि त्या सोयीपायीच त्याचे बाकीचे सगळे अर्थ हळूहळू मेले. पुढे अंडरटेकरही कानाला बोचू लागला, तेव्हा 1895मध्ये अमेरिकेत 'मॉर्टिशियन' हा नवा शब्द घडवण्यात आला. 'फ्यूनरल डायरेक्टर'ही रूढ झाला. त्यालाही कधीतरी बोच येईलच.

मरण्यापूर्वी जुन्या अर्थाने एकदा मोठी झेप घेतली होती. अ‍ॅडम स्मिथच्या 1776च्या 'वेल्थ ऑफ नेशन्स'मध्ये कारखानदाराला, उद्योगात आपलं भांडवल पणाला लावणाऱ्याला, अंडरटेकरच म्हटलं आहे. त्याच्या नफ्याचं समर्थन करताना स्मिथ म्हणतो की या माणसाने आपला साठा या 'अ‍ॅडव्हेंचर'मध्ये धोक्यात घातलेला असतो. आजच्या वाचकाला त्या वाक्यात एक अंत्यविधीवाला साहसी सफरीवर निघालेला दिसतो. जर्मनमध्ये उद्योजकाला 'उंटरनेमर' आणि डचमध्ये 'ओंडरनेमर' म्हणतात, म्हणजे घडणीने हुबेहूब अंडरटेकर. इंग्रजीने मात्र हा शब्द स्मशानाला देऊन टाकला आणि उद्योजकासाठी एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांकडून 'आंत्रप्रनर' उसना आणला. त्याचीही घडण तीच आहे, 'आंत्र' म्हणजे मध्ये आणि 'प्रांद्र' म्हणजे घेणं. घरचा शब्द घालवून शेजाऱ्याकडून त्याचाच जुळा भाऊ आणायचा, ही इंग्रजीची जुनी खोड.

प्रश्न : मग 1200च्या आधी इंग्रज काय म्हणत असत? त्यांना कामं हाती घ्यावी लागत नव्हती का?

लागत होती. फक्त 'घेणं' हा धातूच वेगळा होता. जुन्या इंग्रजीत घ्यायला 'निमन' म्हणत आणि पकडायला 'फोन'. (दूरध्वनीचा फोन नव्हे!) त्यांच्यापासून 'अंडरनिमन' आणि 'अंडरफोन' ही क्रियापदं होती. स्वीकारणं, पत्करणं हा अर्थ त्यांच्यातही होता. यातलं 'अंडर' म्हणजे केवळ 'खाली' नाही, जुन्या इंग्रजीत त्याला 'मध्ये, दरम्यान' असाही अर्थ होता. 'अंडरस्टँड'मधलं कोडंही तेच आहे.

नंतर उत्तर आणि पूर्व इंग्लंडात स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांचा 'टाका' हा शब्द आला. त्याचं झालं 'टेक', आणि दोन-तीन शतकांत त्याने 'निमन'ला घराबाहेर काढलं. 'अंडरनिमन'च्या जागी 'अंडरटेक' आलं ते असं. साचा जुना राहिला आणि आतला धातू बदलला.

जुन्या धातूंचे तुकडे अजून सापडतात. 'नम', म्हणजे बधिर, हे 'निमन'चंच धातुसाधित, ज्याला थंडीने 'धरलं' आहे असं. 'निम्बल'ही त्याच घरचं, चटकन पकडणारं. सतराव्या शतकातल्या चोरांच्या बोलीत 'निम' म्हणजे चोरी करणं. शेक्सपिअरच्या 'हेन्री पाचवा'मध्ये कॉर्पोरल निम नावाचं पात्र आहे. तो चोर निघतो आणि फासावर जातो. त्याच्या नावातच त्याची कुंडली होती, पण ती आज प्रेक्षकाला ऐकू येत नाही. 'फोन'ची आठवण 'न्यूफँगल्ड'मध्ये राहिली आहे. सतत नवं काहीतरी पकडायला धावणारं, ते न्यूफँगल्ड.

प्रयत्न करण्यासाठीही त्या काळी अस्सल शब्द होते, 'फँडियन' आणि 'कुनियन'. दोन्ही गेले. सुरू करण्याला 'ऑनगिनन' म्हणत. आजचं 'बिगिन' तेव्हा त्याचं गरीब भावंड होतं, क्वचित भेटणारं. पुढे 'ऑनगिनन' नाहीसं झालं आणि गरीब भाऊ वारस ठरला. 'स्टार्ट' तर मुळात दचकून उडी मारणं आहे. 'स्टार्टल' आठवा.

प्रश्न : ब्रिटनमधल्या एका बातमीत 'मोटरवेवर अंडरटेकिंग करणाऱ्या चालकांमुळे' अपघात होतात असं वाचलं. तिथे कोणतं काम हाती घेतलं जातं?

काहीही नाही. 'ओव्हरटेक'ला विरुद्धार्थी म्हणून हे गमतीने घडवलं आणि मग रूढ झालं. ब्रिटनमध्ये गाड्या डावीकडून चालतात, म्हणून पुढच्याला उजवीकडून मागे टाकायचं. डावीकडून घुसलात तर ते अंडरटेकिंग. तिथल्या हायवे कोडचा 268वा नियम मोटरवेवर डावीकडून पुढे जाऊ नका असंच सांगतो. नियमाच्या मजकुरात मात्र हा शब्द नाही, तो लोकांच्या तोंडचा आहे.

प्रश्न : इंग्रजी बायबलच्या जुन्या आवृत्तीत लूकच्या शुभवर्तमानाची सुरुवात 'पुष्कळांनी हे हाती घेतलं आहे' अशी होते. नव्या आवृत्तीत तिथे 'अंडरटेकन' आहे. मूळ कोणतं?

मुळात हात आहे, आणि तो ग्रीकमध्ये आहे. लूकने वापरलेलं क्रियापद 'एपिखेइरेओ'. त्यातलं 'खेइर' म्हणजे हात. कशावर तरी हात ठेवणं, हात घालणं. 1526मध्ये विल्यम टिंडलने थेट ग्रीकवरून भाषांतर केलं तेव्हा त्याने 'टेकन इन हँड' लिहिलं आणि 1611च्या किंग जेम्स आवृत्तीने ते ठेवलं.

गंमत पुढे आहे. हे ग्रीक क्रियापद नव्या करारात मोजून तीनदा येतं, आणि किंग जेम्सच्या पंडितांनी तिन्ही ठिकाणी वेगवेगळं इंग्रजी वापरलं. लूकमध्ये 'टेकन इन हँड'. प्रेषितांच्या कृत्यांत नवव्या अध्यायात काही लोक पौलाला ठार मारायला टपतात, तिथे 'वेंट अबाउट टू'. एकोणिसाव्या अध्यायात काही भटके मांत्रिक येशूच्या नावाने भुतं काढू बघतात, तिथे 'टुक अपॉन देम'. इतिहास लिहिणाऱ्याने काम हाती घेतलं, मारेकऱ्यांनी खटपट चालवली, आणि मांत्रिकांनी नको ती उठाठेव शिरावर घेतली. तीन माणसांकडे बघण्याच्या तीन नजरा झाल्या. एका मूळ शब्दाला एकच प्रतिशब्द असा हट्ट त्यांनी धरला नाही, आणि मला ते फार पसंत आहे. यातलं 'गो अबाउट टू' आज या अर्थाने वापरात नाही. त्याची जागा 'सेट अबाउट'ने घेतली.

त्याच काळाचा आणखी एक नमुना. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकातल्या विवाहविधीत बजावलं आहे की विवाह हा अविचाराने 'एन्टरप्राइज' करू नये, 'हाती घेऊ' नये. एकाच गोष्टीला दोन क्रियापदं जोडीने, एक फ्रेंच आणि एक देशी. समोर बसलेल्यांपैकी ज्याला जे कळेल ते. 'एन्टरप्राइज' हे तेव्हा चांगलं चालतं क्रियापद होतं. आज ते फक्त नाम आहे, आणि बहुधा सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या तोंडी.

प्रश्न : मी इंग्रजी करारांचं मराठी भाषांतर करतो. 'अंडरटेक', 'एन्डेव्हर', 'अटेम्प्ट', 'ट्राय' या सगळ्यांना 'प्रयत्न करणे' लावलं तर चालेल का? अर्थ तर एकच वाटतो.

चालणार नाही, आणि 'अंडरटेक'च्या बाबतीत तर मुळीच नाही. मीही काही वर्षं करारांची भाषांतरं तपासली आहेत, म्हणून या प्रश्नावर थोडी जास्त बोलते. शब्दकोशात ही चौघं शेजारी नांदतात. पण काम फसल्यावर भरपाई कोणी करायची, हा प्रश्न आला की ती एकमेकांना ओळखही देत नाहीत.

'अंडरटेक'मध्ये चौसरची ती हमी आहे. इंग्रजी कायद्यात तिचा प्रवास फार जुना. 1348मध्ये यॉर्कला एक खटला चालला. हंबर नदीवरच्या एका नावाड्याने एका माणसाची घोडी पार नेण्यासाठी घेतली, नावेत प्रमाणाबाहेर घोडे भरले आणि घोडी बुडून मेली. नावाड्याच्या बाजूने युक्तिवाद असा की यात आगळीक कसली, फार तर करार मोडला, आणि त्याचा दावा वेगळा असतो. न्यायाधीशांनी ते मानलं नाही. नाव वाजवीपेक्षा जास्त भरलीस तिथेच आगळीक झाली, म्हणाले. पत्करलेलं काम बिघडवलं या तक्रारीच्या अशा दाव्यांतून पुढे एक स्वतंत्र प्रकार तयार झाला. त्याचं लॅटिन नाव 'असम्पसिट', म्हणजे 'त्याने आपल्या अंगावर घेतलं'. 'अझ्यूम'चंच हे रूप. 1602च्या स्लेडच्या खटल्यात, 16 पौंडांना विकलेल्या गहू आणि राय या धान्यांच्या उभ्या पिकाच्या वादात, असं ठरलं की प्रत्येक करारातच हे 'अंगावर घेणं' गृहीत आहे, वेगळं वचन सिद्ध करायची गरज नाही. इंग्रजी करार कायद्याची इमारत मोठ्या प्रमाणात या एका क्रियापदावर उभी राहिली.

म्हणून आजही इंग्लंडमध्ये वकिलाने दिलेलं 'अंडरटेकिंग' पाळलं नाही तर त्याच्यावर व्यावसायिक कारवाई होऊ शकते, आणि कोर्टाला दिलेलं अंडरटेकिंग मोडणं हा कोर्टाचा अवमान आहे. तुमच्या करारात 'द सप्लायर अंडरटेक्स टू' असेल तर 'पुरवठादार हमी देतो' किंवा 'पत्करतो' लिहा. तिथे 'प्रयत्न करतो' लिहिलंत तर तुमच्या पक्षकाराच्या हातचा दावाच तुम्ही काढून घेतला.

'एन्डेव्हर' मधल्या पायरीवर उभं आहे आणि मला ते या चौघांत सगळ्यात आवडतं. फ्रेंचमध्ये 'स मेत्र आं द्व्हार' म्हणजे स्वतःला कर्तव्यात घालणं. त्यातलं 'आं द्व्हार', कर्तव्यात, इंग्रजांनी एकत्र सांधलं आणि क्रियापद केलं. म्हणून पूर्वी 'आपण एन्डेव्हर करतो' असं नव्हे, तर 'आपण स्वतःला एन्डेव्हर करतो' असं म्हणत. इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात ही रचना शाबूत आहे. या शब्दात यशाची हमी नाही, पण जीव तोडून झटण्याचं ऋण आहे. लॅटिन मूळही 'देणं लागणं' हेच.

आता बघा, इंग्रजी व्यापारी करारांत 'बेस्ट एन्डेव्हर्स', 'ऑल रीझनेबल एन्डेव्हर्स', 'रीझनेबल एन्डेव्हर्स' अशी उतरंड असते आणि तिच्यावर कोर्टात भांडणं होतात. 2012मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टासमोर ब्लॅकपूल विमानतळ आणि जेट2 या विमान कंपनीचं प्रकरण आलं. 2005च्या पंधरा वर्षांच्या करारात विमानतळाने कंपनीच्या स्वस्त विमानसेवेला चालना देण्यासाठी 'बेस्ट एन्डेव्हर्स' कबूल केले होते. 2010मध्ये विमानतळाने सांगितलं की ठरलेल्या वेळेबाहेर आम्ही विमानं घेणार नाही, आम्हाला तोटा होतो. कोर्टाने बहुमताने निर्णय दिला तो कंपनीच्या बाजूने. तोटा होतो एवढ्याच कारणावरून झटण्याच्या कबुलीतून सुटका नाही. शब्दाच्या पोटातलं ते जुनं 'देणं' अजून वसूल होतं ते असं. मराठीत 'पराकाष्ठेचे प्रयत्न' आणि 'वाजवी प्रयत्न' असा भेद करा आणि सगळ्या करारभर तोच ठेवा.

'अटेम्प्ट' वेगळ्या मुशीतलं आहे. लॅटिन 'टेम्प्टारे' म्हणजे चाचपणं, कसाला लावणं आणि चाल करून जाणंही. 'टेम्प्ट' याच घरचं. हल्ल्याची ती छटा 'अटेम्प्ट ऑन हिज लाइफ' या प्रयोगात उरली आहे. या क्रियापदाला एक सवय आहे. 'त्याने शिखर चढायचा अटेम्प्ट केला' म्हटलं की ऐकणारा समजतो, जमलं नाही. अपयश न सांगता सांगितलं जातं. म्हणून करारात ते क्वचितच दिसतं. मात्र फौजदारी कायद्यात त्याला दात आहेत. 1981च्या इंग्लंडच्या क्रिमिनल अटेम्प्ट्स अ‍ॅक्टनुसार, निव्वळ तयारीच्या पुढे जाणारं कृत्य हातून घडलं की अटेम्प्ट झाला, गुन्हा तडीस जावा लागत नाही. चांगलं काम नुसतं अटेम्प्ट केल्याचं श्रेय नाही, वाईट काम नुसतं अटेम्प्ट केल्याची शिक्षा आहे.

राहिलं 'ट्राय'. हे सगळ्यात हलकं, पण त्याचं बालपण मोठं कष्टाचं गेलं. फ्रेंच 'ट्रिए' म्हणजे निवडणं, चाळणं, चांगलं-वाईट वेगळं करणं. म्हणून कोर्ट माणसाला 'ट्राय' करतं, खरं-खोटं चाळतं. चरबी वितळवून शुद्ध तेल वेगळं काढण्यालाही 'ट्राय' म्हणत. देवमासे मारणाऱ्या जहाजांच्या डेकवर विटांची भट्टी असायची, तिचं नाव 'ट्रायवर्क्स'. चाळणं, मग पारखणं, मग पारखण्यासाठी करून बघणं, आणि शेवटी नुसतंच करून बघणं, अशी ही घसरण. रग्बीतला 'ट्राय'ही मुळात 'करून बघायची संधी' होता. चेंडू रेषेपलीकडे टेकवला की गुण मिळत नसत, गोलपोस्टवरून लाथाडून बघायचा हक्क मिळायचा. आज त्या टेकवण्यालाच पाच गुण आहेत. करारात 'विल ट्राय टू' आढळलं, तर भाषांतरापूर्वी पक्षकाराला विचारा की हे ठेवायचंच आहे ना.

प्रश्न : 'एसे' म्हणजे निबंध. पण जुन्या पुस्तकांत 'ही एसेड टू स्पीक' असं सापडतं. तो बोलायचा निबंध लिहीत होता का?

तो बोलायचा प्रयत्न करत होता. 'एसे' आणि सोन्या-चांदीचा कस बघण्याचं 'अ‍ॅसे' हे एकाच फ्रेंच शब्दाचे दोन अवतार. मूळ लॅटिन 'एक्झागियम', म्हणजे वजन करणं. फ्रेंच लेखक मोंतेनने 1580मध्ये आपल्या लेखनाला 'एसे' म्हटलं ते 'स्वतःला जोखून बघण्याचे प्रयत्न' अशा अर्थाने. फ्रान्सिस बेकनने 1597मध्ये नाव उचललं आणि पुस्तकाचा प्रकार क्रियापदाच्या मानेवर बसला. आज 'एसे' क्रियापद म्हणून वापरणारा माणूस नटवा वाटतो.

प्रश्न : 'एम्बार्क', 'लाँच', 'टॅकल' यांत मला समुद्राचा वास येतो. बरोबर आहे का?

दोनांत पूर्ण बरोबर. 'एम्बार्क'मध्ये 'बार्क' ही नाव बसली आहे, आणि 'टॅकल' म्हणजे जहाजाचे दोर आणि कप्प्या. 'टॅकल'चा प्रवास लांबचा आहे. दोरखंडांनी बांधणं, घोड्याला साज चढवणं, मग एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत माणसाला धरून लोळवणं, आणि त्यातूनच अडचणीला भिडणं. 'लाँच' मात्र मुळात भाला फेकणं आहे, 'लान्स'वरून. जहाज पाण्यात ढकलणं नंतर आलं. यात 'व्हेंचर'ही घाला. ते 'अ‍ॅडव्हेंचर'चं डोकं उडवलेलं रूप. अमेरिकेत वसाहत उभारणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीत पैसे गुंतवून लंडनमध्ये घरी बसणाऱ्यांना 'अ‍ॅडव्हेंचरर' म्हणत आणि प्रत्यक्ष समुद्र ओलांडून जाणाऱ्यांना 'प्लँटर'. साहस पैशाचं होतं!

या सगळ्यांत मला एकच आवडत नाही ते 'अ‍ॅड्रेस'. 'डायरेक्ट'च्या कुळातलं, सरळ करणं, रोख धरणं हा मूळ अर्थ. पूर्वी माणूस स्वतःला कामाकडे 'अ‍ॅड्रेस' करायचा, म्हणजे तोंड वळवून उभा राहायचा. आता समस्या 'अ‍ॅड्रेस' केल्या जातात, आणि म्हणणारा नुसता तोंड वळवून उभा आहे की हातही लावतोय हे कळायला मार्ग नसतो. अधिकाऱ्यांना हे क्रियापद इतकं प्रिय का, ते यावरून ओळखावं.

प्रश्न : 'ट्राय टू कम' बरोबर की 'ट्राय अँड कम'? आमच्या शिक्षकांनी दुसऱ्यावर लाल रेघ मारली होती.

बोलताना दोन्ही चालतात. 'ट्राय अँड' निदान सतराव्या शतकापासून इंग्रजीत आहे आणि चांगल्या चांगल्या लेखकांनी वापरलं आहे, तेव्हा ते अडाणी म्हणता येत नाही. औपचारिक लेखनात 'ट्राय टू' लिहा, लाल रेघ तरी वाचेल. फक्त एक बंधन पाळा. 'ट्राय अँड' तेव्हाच चालतं जेव्हा क्रियापद मूळ रूपात असतं. 'आय विल ट्राय अँड कम' ठीक. 'ही ट्राइज अँड कम्स' किंवा 'ही ट्राइड अँड केम' याचा अर्थ वेगळा होतो. तिथे 'टू'च हवा, आणि पुढचं क्रियापद मूळ रूपातच हवं: 'ही ट्राइड टू कम'.